अंबाडीचा रकाना

समृद्धी मगदूमच्या दंडावरची नशा तपासणारी पट्टी लाल झाली, तेव्हा आधी तिला वाटलं की यंत्रच बिघडलं असेल. फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही तेच वाटलं. त्याने हातातलं यंत्र रुमालाने पुसलं आणि पट्टीवर पुन्हा धरलं. पुन्हा लाल.

"ताई, जरा बाजूला थांबा," तो म्हणाला. मग ओशाळून, हळूच, "तुमचं कसं काय हो लाल?"

तिलाही तोच प्रश्न पडला होता. शिवतारा कास्टिंग्ज या फौंड्रीत ती तेरा वर्षं क्रेन चालवत होती. जमिनीपासून चाळीस फुटांवर काचेची केबिन. तिथे बसून तिने वितळलेल्या लोखंडाने भरलेली लॅडल उचलायची. लॅडल म्हणजे आत दोन माणसं उभी राहतील एवढी पोलादी बादली. ती साच्यांच्या रांगेवर अलगद नेऊन धरायची. तीन टन लोखंड, चौदाशे अंश तापलेलं, आणि खाली चालती-बोलती माणसं. अशा कामाची बाई चहासुद्धा दिवसातून एकदाच घेत होती.

सुरक्षा अधिकारी केतकी सरनोबत धावतच आली. वयाने समृद्धीपेक्षा लहान, कामावर येऊन जेमतेम वर्ष झालेलं. तिने टेबलावरचा टॅबलेट समृद्धीपुढे सरकवला.

"काल काय काय खाल्लंत ते सांगा. मराठीतच बोला, त्याला कळतं."

"सकाळी पोहे. डब्यात भाकरी आणि मटकी. संध्याकाळी भाकरी, अंबाडीची भाजी, ताक."

टॅबलेटने क्षणभर विचार केला. मग पडद्यावर हिरवी खूण आली. 'खाद्यजन्य अंश. कामास पात्र.'

"झालं!" सरनोबतने सुटकेचा श्वास सोडला. "जा तुम्ही."

"पण मॅडम, लाल कशाने झालं?"

"लिहिलंय ना, खाद्यजन्य."

"कुठल्या खाद्याने?"

सरनोबतने पडदा स्वतःकडे वळवला. तिच्या कपाळाला आठी पडली. "डेक्कन हेम्प. हेम्प म्हणजे भांगेचंच झाड की. तुम्ही ते खाता?"

"मी अंबाडी खाल्ली."

बाहेर सातचा भोंगा झाला. "आता जा बाई," सरनोबत म्हणाली, "लॅडल खोळंबलीय."

*

या पट्टीचं शास्त्र अवघड नाही. दारू पाण्यात विरघळते. ती रक्तातून श्वासात येते आणि काही तासांत शरीराबाहेर जाते. म्हणून श्वासात किती दारू आहे ते मोजलं की माणूस किती झिंगलाय याचा बरा अंदाज येतो. भांगेतलं झिंग आणणारं द्रव्य मात्र चरबीत विरघळतं. ते अंगातल्या चरबीत दडून बसतं आणि तिथून अगदी थोडं थोडं, कित्येक दिवस बाहेर पडत राहतं. झिंग उतरून दोन-तीन दिवस झाले तरी अंश सापडतो. हिंगाचा डबा रिकामा करून धुतला तरी वास येतो ना, तसंच. पण डब्याला वास येतो म्हणून आजच्या आमटीत हिंग आहे, असं कोणी म्हणत नाही.

पट्टी होती रुपयाच्या नाण्याएवढी. तिच्यात कार्बनचा एकाच अणूच्या जाडीचा थर होता आणि त्यावर घड्या घातलेले अतिसूक्ष्म धागे होते. त्या घडीत एकाच आकाराचा रेणू बसायचा, जशी एका कुलपात एकच किल्ली. घामातून तसा रेणू आला, की थरातून वाहणारी वीज किंचित बदलायची आणि पट्टीचा रंग बदलायचा. तलावात चिमूटभर मीठ टाकलं तर तेही ओळखावं, एवढी ती तल्लख. फक्त एक गोष्ट तिला कळत नव्हती. रेणू अंगातून आला, की बाहेरून कातडीला चिकटला. ज्या शास्त्रज्ञांनी पट्टी बनवली, त्यांनी आपल्या निबंधात हे स्पष्ट लिहिलं होतं. विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकात तेवढी जागा नव्हती.

तोवर कायदाही बदलला होता. डॉक्टरच्या चिठ्ठीवर भांगेचं तेल मिळू लागलं. सज्ञान माणसाला परवान्याच्या दुकानात कमी ताकदीच्या वड्या मिळू लागल्या. बी आणि पाला खाण्याला मोकळीक झाली. तेव्हा कामगार संघटना म्हणाल्या, जे कायदेशीर आहे त्यासाठी कोणाला कामावरून काढता येणार नाही. विमा कंपन्या म्हणाल्या, ज्याच्या अंगावर अंश सापडेल त्याला धोक्याच्या कामावर घेता येणार नाही. नियम करणाऱ्यांनी दोघांचंही ऐकलं आणि दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहून टाकली.

मग फौंड्रीच्या अर्जात तीन रकाने आले. पहिला खाद्य: यात खूण झाली तर थेट कामावर. दुसरा औषध: स्वतःच्या नावाची चिठ्ठी हवी, आणि सहा आठवडे क्रेन बंद. तिसरा इतर: चौकशी होईपर्यंत घरी. उत्तरं वाचायला माणूस नव्हता. विमा कंपनीची कुठेतरी दूर बसलेली यंत्रणा ती वाचायची, आणि ती आधी सगळ्याचं इंग्रजी करून घ्यायची.

*

"डेक्कन हेम्प!" समृद्धीची आई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

विजयमाला मगदूम एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवत होत्या. गल्लीतली मुलं अजूनही गोगलगाय सापडली की ती पानावर घेऊन मगदूमबाईंकडे यायची. घरात मायलेकी दोघीच. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायची या घराची रीत, त्यामुळे संध्याकाळ मोठी मिळायची. त्या संध्याकाळी आई पलंगावर पाय सोडून बसायची आणि समृद्धी खाली चटईवर बसून तिच्या तळपायांना तेल लावायची.

"अगं, त्या साहेब लोकांना दोरखंड हवे होते," आई डोळे पुसत म्हणाली. "ज्याच्या सालीचा, पानाचा दोर निघेल ते सगळं त्यांचं हेम्प. ताग म्हणजे सन हेम्प. घायपात म्हणजे सिसल हेम्प. आपली अंबाडी झाली डेक्कन हेम्प. आता मला सांग, अंबाडीचं फूल कशासारखं असतं?"

"आई, मी काय पाचवीत आहे का?"

"सांग की."

"भेंडीच्या फुलासारखं."

"शाब्बास. भेंडीची बहीण ती, जास्वंदीच्या घरातली. भांगेची कोणी लागत नाही. पान तेवढं पंजासारखं, भांगेसारखं दिसतं. म्हणून तिच्या शास्त्रीय नावातसुद्धा भांगेचा शब्द चिकटलाय. चेहरा सारखा म्हणून नातं जोडलं."

"म्हणजे अंबाडीने पट्टी लाल होणार नाही?"

"जन्मभर खाल्लीस तरी नाही."

"मग कशाने झाली?"

आईची नजर लेकीच्या हातांवर गेली. ते हात तेलाने चमकत होते. मग दोघींनीही चटईवरच्या तपकिरी बाटलीकडे पाहिलं.

दोन वर्षांपूर्वी आईच्या कर्करोगावर उपचार झाले. रोग गेला, पण औषधांनी पायांतल्या नसा जळाल्या. दिवसभर मुंग्या आणि रात्री निखाऱ्यावर पाय ठेवल्यासारखी आग. गोळ्या झाल्या, सुया झाल्या. शेवटी आदल्याच दिवशी डॉक्टरांनी हे भांगेचं तेल लिहून दिलं. दर संध्याकाळी दोन्ही तळव्यांना पाव तास चोळायचं. त्या तेलानंतर आई पहिल्यांदा सलग सहा तास झोपली होती, आणि सकाळी उठून समृद्धी तिच्या नाकाशी बोट धरून बघत होती.

"उद्या सांगून टाक त्यांना," आई म्हणाली.

"काय सांगू? औषधाच्या रकान्यात स्वतःची चिठ्ठी लागते. माझी नाही, तुझी आहे. इतर म्हटलं की घरी बसायचं. किती दिवस, ते कोणालाच माहीत नाही. तेवढ्यात माझ्या केबिनमध्ये दुसरं कोणी बसेल."

"मग?"

"मग अंबाडी," समृद्धी म्हणाली आणि हसली. या वेळी आई हसली नाही.

रबरी हातमोजे आणून झाले. "नको गं, नुसतं टेकलं तरी भाजतंय," आई कळवळली. सुती मोजे तेलच पिऊन टाकायचे. अखेर उघडाच हात. नंतर समृद्धी कोपरापर्यंत साबण लावून तीनतीनदा हात धुवायची, चादरी रोज बदलायची. तरी सकाळी पट्टी कधी लाल, कधी जरा कमी अंशाची पिवळी. मग टॅबलेट, मग तोच प्रश्न.

तिने खोटं एकदाही सांगितलं नाही. ती रोज दोन घास अंबाडी खायची आणि काय खाल्लं ते जसंच्या तसं सांगायची.

*

ही गोष्ट फौंड्रीत पसरायला आठवडाही लागला नाही. पहारेकऱ्याने एकाला सांगितलं, त्याने चौघांना.

"काय पावणं, आज किती जुड्या?"

"दीड. काल अर्धीच खाल्ली तर पिवळी झाली."

"घरच्यांना सांग, लसूण घाल म्हणावं जास्त. पट्टीला वास येत न्हाई."

बाजारात अंबाडी मिळेनाशी झाली. कॅन्टीनने सोमवारी आणि गुरुवारी अंबाडी सुरू केली. साचे बनवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराला ती खाल्ल्यावर खरंच अंग हलकं वाटायला लागलं. दुसऱ्या एकाच्या बायकोने, नवरा व्यसनी होतोय म्हणून, घरात अंबाडी आणायची बंद केली. मुख्य कचेरीकडून सरनोबतला अभिनंदनाचं पत्र आलं: 'इतर' रकाना सलग पाच आठवडे रिकामा. तिने ते पत्र दोनदा वाचलं. आधी चारच माणसं सांगायची ती भाजी आता एकोणतीस माणसं कशी खायला लागली, हे तिच्या लक्षात येत नव्हतं असं नाही. पण यंत्रणा खूण करत होती, आणि यंत्रणेवर शंका घेण्याचा रकाना नव्हता.

समृद्धीला मात्र वेगळाच घोर लागला. केबिनमध्ये बसलं की मनात यायचं, पट्टी म्हणते अंश आहे. आई म्हणते कातडीवरून एवढंसं तेल आत जात नाही, झिंग येणार नाही. मग परवा क्रेनचा दांडा ओढायला हात जरा उशिरा गेला का? की नेहमीच एवढा वेळ लागतो? तेरा वर्षांत तिने कधी स्वतःचे हात निरखून बघितले नव्हते. आता ती प्रत्येक इशारा दोनदा बघू लागली.

इशारे द्यायचे ते आप्पासो खोत. पन्नाशीचे, ठेंगणे, मान नेहमी वर. भट्टीच्या गर्जनेत वॉकीटॉकीचं काही ऐकू येत नाही आणि धुरात कॅमेरा आंधळा होतो. म्हणून खाली एक माणूस उभा राहतो आणि हाताने सांगतो. पंजा डोक्याच्या वर उघडा धरला म्हणजे थांब. खांद्याखाली हलवला म्हणजे खाली घे. समृद्धी नवी होती, तेव्हा कोणी पुरुष बाईच्या क्रेनखाली उभा राहायला तयार नव्हता. आप्पा म्हणाले होते, "मी हुबा ऱ्हातो. मरायचंच हाय तर वळखीच्या माणसाच्या हातनं मरू." तेव्हापासून ते दोघं जोडीने होते.

तो दिवस गुरुवारचा होता. भरलेली लॅडल सहाव्या साच्यावर आली. समृद्धी थांबच्या इशाऱ्याची वाट बघत होती. आप्पांचा पंजा खांद्याशी होता. तो तिथेच राहिला. एक क्षण, दोन क्षण. तिने इशाऱ्याशिवायच दांडा मागे ओढला. लॅडल झुलली, काठावरून लोखंडाचा एक लोळ वाळूत पडला आणि ठिणग्यांचं झाड उभं राहिलं. साच्याशी वाकलेले दोघे कामगार मागे उडी मारून पडले. कोणाला लागलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत ती आप्पांना कॅन्टीनमागच्या नळाशी गाठून म्हणाली, "आप्पा, हात वर का नाही गेला?"

"गेला की. तूच आधी वढलीस."

"मी बघत होते."

"मी बी बघतच हुतो." आप्पांनी तोंडावर पाणी मारलं. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "कंबर लई धरती गं. सकाळी एक वडी घेतो. परवान्याच्या दुकानातली, चोरून न्हाई. त्याबिगर दोन तास हुबा ऱ्हाऊ शकत न्हाई मी."

"आणि पट्टी?"

"अंबाडी," आप्पा म्हणाले. मग एकदम तिच्याकडे वळले. "का? तुझी न्हाई व्हय अंबाडी?"

तिने नळ बंद केला.

"मी शुद्धीत हाय, समू. देवाशपथ. उलट वडी घेतली की इशाऱ्यावर ध्यान ऱ्हातंय. न्हाईतर सगळं ध्यान कमरेत."

ते खरं असेल. तसंच आप्पांचा हात उशिरा गेला, हेही खरं असेल. किंवा आपणच घाबरून आधी ओढलं असेल. क्रेनच्या नोंदीत तिच्या दांड्याची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत होती. माणसाच्या हाताची वेळ कुठेच नव्हती. तिने ती नोंद चार वेळा वाचली आणि प्रत्येक वेळी वेगळा अर्थ लावला.

*

"आई, तुला काय वाटतं?"

"मला वाटतं मी तेल बंद करावं."

"ते सोडून."

"वर्गात एक मुलगा होता," आई म्हणाली. "गणित चुकायचं, पण उत्तर बरोबर यायचं. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकायच्या. मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते तर तो खूश, त्याचे आईबाप खूश. पण पुढच्या गणितात एकच चूक झाली असती, मग?"

"इथे पुढचं गणित चौदाशे अंशाचं आहे."

"म्हणून तर मी तुला उत्तर सांगत नाही, समू. मला तुझ्या हाताने झोप लागते. मी पंच होऊ शकत नाही."

शुक्रवारी सकाळी समृद्धी सरनोबतच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

"मॅडम, अंबाडी म्हणजे भांग नाही. दोघींचं कूळच वेगळं. तिने पट्टी लाल होऊच शकत नाही. भाषांतर चुकलंय."

सरनोबतने हातातला पेन खाली ठेवला. "तुम्ही हे मला का सांगताय?"

"कारण खाली माणसं असतात."

"अहो, पण सगळं सुरळीत चाललंय! तुमचंच नाव आहे पहिलं. ही भाजी बाद झाली तर तुमची पट्टी कशाने लाल होते, ते लिहावं लागेल."

"इतरमध्ये लिहा. आईच्या पायाचं तेल."

"बाकीच्यांचं काय? अठ्ठावीस जण आहेत."

"ज्याचं त्याने सांगावं. मी कोणाचं नाव घेणार नाही."

सरनोबत टॅबलेटवर बोटं फिरवत राहिली. आधी दिलेलं उत्तर मागे घ्यायची सोयच त्यात नव्हती. 'अंबाडी चुकीची आहे' असं ती बोलली, तर पडद्यावर आलं: 'डेक्कन हेम्प खराब झाल्याची तक्रार अन्न विभागाकडे पाठवू का?' शेवटी तिने विमा कंपनीला फोन लावला, आणि तिकडच्या माणसाला भेंडीच्या फुलापासून सुरुवात करून सगळं समजावण्यात तिचे पावणेदोन तास गेले.

सोमवारी नवा नियम आला. तो सोपा होता. तिन्ही रकाने रद्द. पट्टी हिरवी असेल त्याने आत यावं, नसेल त्याने हिरवी होईपर्यंत घरी थांबावं.

एकोणतीस माणसं फाटकाबाहेर उभी राहिली. समृद्धी त्यांच्यातच होती. कोणी तिच्याशी बोललं नाही. आप्पा जवळ आले, तेव्हा तिला बरं वाटलं. पण ते म्हणाले, "वर बसून खालच्यांचं सगळं दिसतंय, न्हाई का तुला?" आणि चालू लागले.

घरी पोचल्यावर तिने आईला सगळं सांगितलं. क्रेनसाठी गावातल्याच दोन मुलांची नावं निघाली होती, आठवड्यात ती शिकायला येणार होती, हेही सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि इतकंच म्हणाली, "तेल आज जरा कमी लाव."

*

पाचव्या दिवशी समृद्धीची पट्टी हिरवी झाली.

पहारेकऱ्याने यंत्र पुसून पुन्हा धरलं. पुन्हा हिरवी. "आलात बघा परत!" तो खरोखर आनंदला होता. सरनोबत आतून धावत आली. "बरं झालं बाई, त्या पोरांना आज नाही म्हणून कळवते. आप्पा पण आलेत, त्यांची पण हिरवी आहे. भट्टी तयार आहे. चला."

समृद्धी तिच्यामागून चार पावलं चालली. हात तिने नेहमीइतकेच धुतले होते. चादरी त्याच. तेल रोजच लावलं होतं. मग पट्टी हिरवी कशी?

तेल. काल संध्याकाळी बाटली उलटी केली तर थेंब पडेना. डिसेंबरची थंडी, तेल थिजलं असेल म्हणून तिने बाटली गरम पाण्यात धरली होती. डॉक्टरांचं तेल तिळाच्या तेलात बनवलेलं. ते अशा थंडीत थिजत नाही. थिजतं ते खोबरेल.

आईने बाटलीत खोबरेल कधी भरलं असेल? सोमवारीच. म्हणजे चार रात्री. या चार रात्री आई भिंतीकडे तोंड करून निजायची, आणि समृद्धी सकाळी विचारायची, "झोप लागली का?" आणि आई म्हणायची, "छान."

ती क्रेनच्या शिडीशी थांबली. शिडीचा गज धरताना तिची पकड दोनदा चुकली. आज इशारा आला असता तर तो तिला दिसला असता का, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

"मॅडम, मला आज वर पाठवू नका."

"काय?"

"माझं डोकं ठिकाणावर नाही. हात पण."

"पण तुमची पट्टी हिरवी आहे!"

"म्हणूनच."

सरनोबतला काही कळेना. तिने मदतीसाठी आप्पांकडे बघितलं. ते साच्यांच्या रांगेशी उभे होते, एक हात खांबाला टेकवून. पट्टी हिरवी, म्हणजे वडी बंद. चेहऱ्यावर घाम होता, आणि भट्टी तर अजून लांब होती.

"आप्पा, तुम्ही तरी समजावा हिला. तुम्ही तयार आहात ना?"

"हाय की. हिरवी हाय माझी."

"आप्पा," समृद्धी म्हणाली, "थांबचा इशारा करून दाखवा."

आप्पा तिच्याकडे रागाने बघत राहिले. मग त्यांनी खांब सोडला आणि हात उचलला. पंजा छातीपर्यंत आला, खांद्यापर्यंत आला. तिथे त्यांचं तोंड वाकडं झालं, दुसरा हात कमरेवर गेला, आणि पंजा खांद्याशीच अडकून हलत राहिला.

सरनोबत वर्षभर या माणसांच्या पट्ट्या वाचत होती. त्यांचे हात तिने आज पहिल्यांदा बघितले.

"याचा अर्थ काय होतो?" तिने विचारलं.

"थांब असेल," समृद्धी म्हणाली. "खाली घे पण असेल. वरून मला दोन्ही सारखंच दिसणार."

आप्पांनी हात खाली सोडला. ते जवळच्या रिकाम्या साच्यावर बसले आणि हळूच म्हणाले, "मला बी आता कळंना झालंय." त्यांचा राग कुठे गेला होता कोण जाणे.

सरनोबतने टॅबलेटकडे बघितलं. दोन नावं, दोन हिरव्या खुणा. खाली फक्त एकच बटण होतं: 'काम सुरू करा.' तिने टॅबलेट पालथा घातला आणि भट्टीवाल्याला ओरडून सांगितलं, "आज ओतायचं नाही! कारण मागाहून सांगते!"

"काय सांगणार?" समृद्धीने विचारलं.

"माहीत नाही. बघते. तुम्ही उद्या याल?"

"येईन. मी आता घरी जाऊन आईच्या पायाला तेल लावणार आहे. डॉक्टरांचं तेल. म्हणजे उद्या माझी पट्टी लाल असणार." तिने शिडीचा गज सोडला. "तरी येईन. रिकामी लॅडल लावा, दहा वेळा उचलायला सांगा, आणि खाली उभं राहून माझे हात बघा. मग तुम्हीच ठरवा. मला माझं आता ठरवता येत नाही."

"आणि मला कळलं नाही तर?"

"तर तसं लिहा," समृद्धी म्हणाली, आणि आप्पांना उठायला हात दिला.